काकाची कीर्द, माझी खतावणी

गेल्या दिवाळीत चुलतबहीण एडिसनहून आली, तेव्हा चिवडा-चकल्या द्यायच्या आधी तिने एक पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "दादा, बाबांचे हिशेब आहेत. आईला फेकवत नाहीत आणि मला उघडता येत नाहीत. तुला जमतंय का बघ."

काका ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. १९८६ साली साताऱ्याहून न्यू जर्सीला गेला तो तिकडचाच झाला. १९९३ पासून जवळजवळ पंधरा वर्षं त्याने घरातल्या प्रत्येक डॉलरचा हिशेब क्विकन या प्रोग्रॅममध्ये ठेवला होता. २००८ मध्ये संगणक बदलताना त्यातलं सगळं एका फाइलमध्ये काढून ठेवलं आणि मग बहुधा कंटाळून हिशेब लिहिणंच सोडलं. पेन ड्राइव्हमध्ये होती ती हीच फाइल. क्यूआयएफ नावाचा प्रकार, आकार दोन एमबीच्या आत.

दोन एमबीत पंधरा वर्षांचा संसार!

तर ही गोष्ट त्या फाइलची. ती उघडण्यासाठी मी काळ्या पडद्यावर हुकूम टंकून चालवायचं एक छोटं साधन बसवलं त्याची, आणि त्या साधनाने आमच्या घरात जो घोटाळा केला त्याची. (बाबांना आणि काकूला विचारून लिहितोय. नातेवाईक मंडळींनी लगेच फोन उचलू नये.)

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय घोटाळा कळायचा नाही.

स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ साली कॅलिफोर्नियात इंट्युइट ही कंपनी काढली. कुकची बायको महिन्याची बिलं भरताना वैतागायची, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली अशी हकीकत सांगतात. त्यांचं क्विकन अमेरिकेत घरोघरी पोचलं, कारण पडद्यावर चेकबुकासारखं चेकबुक दिसायचं. हिशेबशास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही ते भरता येई. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने मनी नावाचा प्रोग्रॅम काढून टक्कर दिली. टक्कर जमेना म्हणून ऑक्टोबर १९९४ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरला इंट्युइटच विकत घ्यायचं ठरवलं. एप्रिल १९९५ मध्ये अमेरिकेचं न्यायखातं मक्तेदारीच्या मुद्द्यावर कोर्टात गेलं आणि पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. गंमत म्हणजे १९९७ साली हेच दोन प्रतिस्पर्धी, सोबत चेकफ्री नावाची कंपनी, एकत्र बसले आणि बँकेतून हिशेब थेट संगणकात यावा यासाठी त्यांनी ओएफएक्स नावाची समान पद्धत जाहीर केली.

क्यूआयएफ त्याच्या आधीची. तिचं पूर्ण नाव 'क्विकन इंटरचेंज फॉरमॅट', पण रूप अगदी वाण्याच्या चिठ्ठीचं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर. 'डी' म्हणजे तारीख, 'टी' म्हणजे रक्कम, 'पी' म्हणजे पैसे कोणाला दिले, 'एम' म्हणजे टीप, 'एल' म्हणजे कोणत्या सदराखाली. नोंद संपली की एका ओळीवर टोपीसारखी खूण ^. बस्स. चलन कोणतं, ते लिहिलेलं नाही. तारखेत दिवस आधी की महिना आधी, तेही नाही. नोंदीला स्वतःचा क्रमांक नाही, त्यामुळे तीच नोंद दोनदा आली तर ओळखायची कशी हा प्रश्नच. ओएफएक्समध्ये बँक प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देते, तारीख सलग लिहिते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ती पद्धत शहाण्यांनी समिती नेमून केलेली आणि ही गरज पडली तशी झालेली, हे लगेच जाणवतं.

क्विकननेच २००५ च्या आवृत्तीपासून बँक आणि क्रेडिट कार्डाच्या खात्यांसाठी क्यूआयएफ आत घेणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने २००९ साली मनीची विक्री थांबवली आणि २०१० मध्ये निरोपाची एक फुकट आवृत्ती दिली. इंट्युइटने २०१६ साली क्विकन दुसऱ्याला विकून टाकलं. एवढी उलथापालथ झाली, पण काकाची ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली तर अक्षर न् अक्षर वाचता आलं. साधी लिहिलेली होती म्हणून.

वाचता आलं, पण एकामागून एक हजारो नोंदी वाचून हाती काय लागणार? ही झाली कीर्द. मला हवी होती खतावणी.

हे शब्द बाबांचे. बाबा चाळीस वर्षं साताऱ्यात एका पेढीवर दिवाणजी होते. रोजचे व्यवहार जसे घडले तसे तारीखवार लिहायचे ती कीर्द. त्यातून माणसागणिक, खात्यागणिक वेगळं काढायचं ती खतावणी. आणि शेवटी सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर मांडून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचं ती तेरीज. तेरीज जुळेपर्यंत दिवाणजी घरी जात नाही. (लहानपणी कित्येकदा आम्ही त्यांच्याशिवाय जेवलो आहोत.)

लुका पाचोली या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्यांची हीच रीत सांगितली आहे. त्याच्याही वह्या तीन. पहिली कच्ची, तिच्यात घरातलं कोणीही, जमेल त्या चलनात लिहील. दुसरी रोजकीर्द, इथे सगळं एका चलनात आणायचं. तिसरी खतावणी. पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करावी असं तो सांगतो; आपण 'श्री' लिहितो तसंच. एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवताना मूळ नोंदीवर रेघ मारावी, म्हणजे तीच दोनदा उतरणार नाही, ही त्याची सूचना मी वाचली होती. वेळेवर आठवली असती तर बरं झालं असतं.

असो. साधनाकडे येतो.

हल्ली साध्या मजकुराच्या फाइलीत घरचे हिशेब ठेवणाऱ्यांचा एक पंथ आहे. जॉन विगली याने २००३ साली लेजर नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तिथून तो सुरू झाला. सायमन मायकल याने २००७ पासून त्याचाच भाऊबंद एचलेजर लिहायला घेतला. यांना खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. हुकूम द्यायचा, उत्तर घ्यायचं. एचलेजर मी स्वतःच्या हिशेबाला वापरतो, म्हणून ठरवलं की काकाची फाइल त्याच्या भाषेत आणायची. त्यासाठी मधे एक दुभाष्या हवा. शोधाशोध केल्यावर २००६ साली कोणीतरी पायथनमध्ये लिहिलेलं एक छोटं साधन मिळालं. नाव सांगत नाही. लिहिणाऱ्याने फुकट दिलंय, आणि पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहेच.

बसवायला गेलो तर पहिला नकार माझ्याच लॅपटॉपचा. त्यावर डेबियन १२ आहे. २०२३ च्या त्या आवृत्तीपासून 'पिप इन्स्टॉल' म्हटलं की ते सांगतं, ही जागा व्यवस्थेच्या ताब्यात आहे, इथे परस्पर काही ठेवू नका. रागावण्यासारखं काही नाही. पायथनवर लॅपटॉपमधलीच कितीतरी कामं अवलंबून असतात, पाहुण्याने येऊन फडताळ उचकटलं तर घरचे उपाशी राहतील. तेव्हा पाहुण्यासाठी वेगळी खोली, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, काढली. साधन त्यात बसलं आणि पहिल्याच हुकमाला आडवं झालं. ते होतं पायथन २ च्या काळातलं. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. जुन्यात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस लागत नसे, नव्यात लागतो. एकेक कंस घालत बसलो. रात्री दीडला साधन चाललं आणि खाडकन सगळी फाइल ओकून मोकळं झालं.

पहिल्याच पानावर अठराशे डॉलरच्या जागी एक डॉलर ऐंशी सेंट. लिहिणारा युरोपातला असावा, तिकडे दशांशाला स्वल्पविराम वापरतात. ते लगेच दिसलं, लगेच दुरुस्त केलं आणि स्वतःवर खूश झालो. तिथेच चुकलो.

आता घरचं सांगतो.

१९९९ च्या जानेवारीत आजीचं ऑपरेशन झालं, २० तारखेला. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं. काकाला फोन गेला होता डिसेंबरातच. त्याचा ड्राफ्ट आला फेब्रुवारीच्या शेवटी, सगळं आटोपल्यावर. बाबांनी तो पतपेढीत भरला, पण भावाला पोचल्याचं पत्र काही लिहिलं नाही. पुढे चोवीस वर्षं दोघे सणावारी बोलले, लग्नकार्यात भेटले, पण त्यात पूर्वीचं काही राहिलं नाही. "तिकडे डॉलर झाडाला लागतात, आणि आईसाठी महिना लागला," हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलंय.

साहजिकच मी सगळ्यात आधी तेच शोधलं. काकाचं एक सदरच होतं, 'आई'. एचलेजरला म्हटलं, हे खातं दाखव. दिसलं: २ जानेवारी १९९९, अठराशे डॉलर, भारताचा ड्राफ्ट.

२ जानेवारी! ऑपरेशनच्या अठरा दिवस आधी. तेव्हाच्या भावाने, डॉलरला सुमारे ४२ रुपये धरले तर, पंचाहत्तर हजार होतात. म्हणजे काकाने वेळेवर पाठवले होते आणि ड्राफ्ट पोस्टात रखडला. सकाळ व्हायची वाट न बघता (हो, पहाटे पाचला) मी बाबांना उठवून सांगितलं.

बाबा काही बोलले नाहीत. चहा घेतला नाही. दुपारी आईने पान वाढलं तर अर्धं टाकून उठले. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "नाताळात पोस्ट तुंबतं म्हणे तिकडे. मी त्याला एकदा विचारायला हवं होतं."

त्या रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला तो काकूसाठी वर्षवार खर्चाचा तक्ता करायला. घरभाडं या सदरावर नजर गेली आणि पोटात गोळा आला. १९९९ सालचं घरभाडं: १ जानेवारी, २ जानेवारी, ३ जानेवारी, असं करत थेट १२ जानेवारीपर्यंत. बारा दिवसांत बारा भाडी, आणि मग वर्षभर काही नाही.

ज्यांच्या लक्षात आलं असेल त्यांना नमस्कार. अमेरिकेत महिना आधी लिहितात. १ मार्च ते लिहिणार ३/१. युरोपातला माणूस, आणि आपणही, ते वाचणार ३ जानेवारी. साधन दिवस आधी धरत होतं. २/१३ सारखी तारीख आली की तेरावा महिना नसतो म्हणून गुपचूप उलटवून घ्यायचं, कुठे तक्रार नाही, इशारा नाही. म्हणजे तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर आणि बारा तारखेपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या चूक. जे वर्षांच्या बाबतीत जुन्या क्विकनने निदान कबूल केलं होतं (२००० सालापासून ते वर्षाच्या आधी तिरकी रेघ न देता वर एक टिंबकं देई, १/ ५'०० असं, म्हणजे शतक कळावं) ते दिवस-महिन्याबाबत कोणीच केलं नाही.

जुने मराठी कागद वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पेशवे दफ्तरातल्या कागदावर 'छ' लिहून चंद्राची तारीख, महिना रज्जब नाहीतर शाबान, वर्ष सुहूर सनाचं, तेही अरबी शब्दांत, आणि ते वर्ष बदलणार मृगाला. जंत्री हातात असल्याशिवाय त्यावरून शेंडा-बुडखा लावायला कोणी धजत नाही. मी मात्र जंत्रीशिवाय बसलो होतो आणि पहाटे पाचला बाबांना उठवून मोकळा झालो होतो.

थोडक्यात, ती नोंद १ फेब्रुवारीची होती. ऑपरेशननंतर बारा दिवसांनी.

सकाळी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच," म्हणाले आणि पेपर उघडला. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. मला आयुष्यात इतकं ओशाळं क्वचितच वाटलं असेल.

मग मी साधन नीट वाचायला बसलो, जे आधीच करायला हवं होतं. तारखा सुधारल्या. तेव्हा दिसलं की 'एल'च्या ओळीत चौकोनी कंस असेल तर ते नोंदच टाकून देत होतं. क्यूआयएफमध्ये चौकोनी कंस म्हणजे खर्च नव्हे, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवलेले पैसे. असा व्यवहार दोन्ही खात्यांच्या यादीत एकेकदा येतो, म्हणून दोन्ही घेतले तर दुप्पट होतात. लिहिणाऱ्याने कटकट नको म्हणून दोन्ही उडवले होते. मी ते परत आणले, सगळं दुप्पट झालं, मग पाचोली आठवला. एका बाजूची नोंद घेतली की दुसऱ्या बाजूवर रेघ. हाताने नाही, चार ओळी लिहून. अख्खा रविवार गेला. शेवटी प्रत्येक खात्याची बाकी काकाने फाइलीत अधूनमधून लिहून ठेवलेल्या बँकेच्या बाकीशी जुळली.

आणि आता १९९९ ची सुरुवात वेगळीच दिसली.

२९ जानेवारीला बँकेच्या खात्यात अठराशे डॉलर आले होते, चौकोनी कंसातून. कंसात क्रेडिट कार्ड. म्हणजे कार्डावर उचललेली रोकड. १ फेब्रुवारीला तेच अठराशे ड्राफ्टसाठी गेले. मागे गेलो. पगाराच्या नोंदी दर पंधरवड्याच्या. ऑक्टोबर १९९८ च्या शेवटाला एक, आणि त्यानंतरची थेट १५ मार्च १९९९ ची. मधे साडेचार महिने पगार नाही. भाडं चालू, मुलीच्या शाळेची बस चालू, बचत खातं नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असं उतरत उतरत २८ जानेवारीला चाळीस डॉलरवर. कार्डाच्या खात्यात मग दर महिन्याला व्याजाची एक ओळ. ती एप्रिल २००० पर्यंत.

काकूला फोन केला. ती म्हणाली, "हो, नोकरी गेली होती. कुणाला सांगायचं नाही म्हणाला. आईंना तर मुळीच नाही." थोडं थांबून म्हणाली, "कार्डाचं मलाही माहीत नव्हतं रे."

या वेळी बाबांना उठवलं नाही. सगळा हिशेब कागदावर छापून घेतला, पगाराचं सदर, बचत खातं, कार्ड, 'आई', आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. पडद्यावरच्या कशावर त्यांनी आता विश्वास ठेवावा असं माझंही म्हणणं नव्हतं. त्यांनी चष्मा बदलला, पेन्सिल घेतली आणि आधी प्रत्येक पानाची बेरीज करून बघितली. तारखांवर बोट ठेवून दोनदा विचारलं, "हा महिना आहे ना? नक्की?" मग कार्डाच्या व्याजाच्या ओळी एकेक करून वेगळ्या मांडल्या. चौदा ओळी. बेरीज २३१ डॉलर आणि काही सेंट.

"तेव्हा भाव काय होता?"

"बेचाळीस, साडेबेचाळीस."

त्यांनी साडेबेचाळीस धरला. कपाटातून स्वतःची जुनी लाल वही काढली, १९९९ ची, पतपेढीच्या कर्जाचं पान उघडलं. त्यावर काकाच्या ड्राफ्टची रक्कम होतीच, तारखेसकट, पेढीवरच्या त्या वळणदार अक्षरात. तिच्याखाली जमेच्या बाजूला त्यांनी आजची तारीख घातली, काकाचं नाव लिहिलं आणि पुढे रक्कम: रुपये ९,८१७. मग पानाची तेरीज पुन्हा करायला घेतली.